कुत्र्यांच्या रेस्क्यूसाठी गटाने लांबची सायकल राईड: पहिल्या फोनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

सायकल चालवण्यात फारसं कुणी अडत नाही. गट अडतात ते क्रमात. आधी मार्ग ठरतो, मग जर्सी छापायला जाते, मग पोस्टर फिरतं, आणि निघायला दहा दिवस उरले की कुणीतरी विचारतं, ‘अरे, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे?’ तोवर निम्मे देणगीदार विचारून विचारून थकलेले असतात. म्हणून हा लेख उलट्या बाजूने सुरू होतो: आधी संस्था, मग पैसा, मग रस्ता. उदाहरणासाठी १२ रायडर, ४ दिवस आणि सुमारे ३६० किमी असा बेत धरला आहे. तयारीला किमान तीन महिने हातात ठेवा.

१. संस्था निवडा आणि तिला नेमकं काय हवंय ते विचारा

‘आम्ही तुमच्यासाठी राईड काढतोय’ असं परस्पर जाहीर करू नका. आधी फोन करा, मग प्रत्यक्ष जा, आणि एक अख्खा दिवस तिथे बसा. पिंजरे धुण्याची वेळ, औषधं देण्याची वेळ, रेस्क्यूचे फोन कसे येतात, कोण उचलतं, हे सगळं पाहा. राईडच्या वाटेवर लोक शंभर प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं तुम्हाला या एका दिवसात मिळतात.

संस्थेला विचारायच्या गोष्टी:

- नोंदणी आणि मागच्या वर्षांचे तपासलेले हिशेब दाखवता येतील का?
- देणगीची पावती कोण देणार, किती दिवसांत?
- सध्या पैसा कुठे कमी पडतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा रुग्णवाहिका किंवा नवी इमारत असं नसतं. रोजचं अन्न, औषधं, कामगारांचे पगार, पशुवैद्यांचं बिल, असंच असतं. देणगीदाराला मात्र ठोस वस्तू आवडते. मधला मार्ग असा की संस्थेकडून एककाचा खर्च लिहून घ्या: एका कुत्र्याच्या निर्बीजीकरणाला किती लागतात, एका पिल्लाच्या पूर्ण लसीकरणाला किती, पाय मोडलेल्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेला आणि पुढच्या मुक्कामाला किती. मग आवाहन करताना ‘कुत्र्यांना मदत करा’ याऐवजी ‘इतक्या रकमेत एका मादीचं निर्बीजीकरण होतं’ असं सांगता येतं. कुत्रीची गर्भावस्था साधारण नऊ आठवड्यांची असते, एवढं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला शस्त्रक्रिया वेळेत का हवी ते कळतं. लसीकरणाबद्दलही एक आकडा हाताशी ठेवा. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली तर त्याच्या प्रसाराची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपासा: रक्कम, हेतू, पावती आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं, या चार गोष्टी संस्थेबरोबर लेखी झाल्या का? नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

२. पैशाचे दोन वेगळे हिशेब ठेवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून नियम कडक ठेवा.

देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी. कुणा रायडरच्या वैयक्तिक खात्यात नको, मग तो कितीही विश्वासू असो. त्याच्यावर शंका घ्यायची म्हणून नव्हे, तर उद्या कुणी शंका घेतली तर त्याला त्रास होऊ नये म्हणून.

राईडचा खर्च रायडरांनी स्वतः भरावा: मुक्काम, जेवण, सपोर्ट गाडीचं इंधन, जर्सी, विमा. एखाद्या प्रायोजकाने हा खर्च उचलला तर उत्तम, पण तो पैसा वेगळ्या वहीत. ‘मी दिलेल्या पैशातून तुम्ही हॉटेलात राहिलात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढंच उत्तर देता यायला हवं. ऑनलाइन मंच वापरणार असाल तर तो किती टक्के कापून घेतो आणि पैसे संस्थेला कधी पोचतात, ते आधीच वाचा आणि देणगीदारांनाही सांगा.

दर किलोमीटरमागे देणगीचं आश्वासन घ्यायचं की सरळ रक्कम? आमचं मत सरळ रकमेच्या बाजूचं आहे. किलोमीटरवाली कल्पना ऐकायला छान वाटते, पण राईड संपल्यावर प्रत्येकाकडे वसुली करावी लागते आणि ती कधीच पूर्ण होत नाही. शिवाय पावसामुळे एक टप्पा रद्द करायची वेळ आली तर ‘निधी कमी होईल’ या दडपणाखाली चुकीचा निर्णय होतो. सुरक्षिततेचा निर्णय पैशाशी बांधलेला असू नये.

मागण्याची पद्धत साधी ठेवा. प्रत्येक रायडरने तीस नावांची यादी करावी, आणि सामूहिक संदेश टाकण्याऐवजी एकेकाला स्वतंत्र लिहावं. पहिली देणगी स्वतःची असावी. पहिल्या आठवड्यात जवळची दहा माणसं, मग बाकीची. ज्याने उत्तर दिलं नाही त्याला एकदाच आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

फोटोंबद्दल एक विनंती: रक्तबंबाळ कुत्र्यांचे फोटो टाकून पैसे मागू नका. लोक नजर फिरवतात. उपचारापूर्वीचा आणि बरं झाल्यानंतरचा फोटो शेजारी ठेवा. आणि शेल्टरचा नेमका पत्ता पोस्टरवर छापायच्या आधी संस्थेला विचारा. पत्ता पसरला की रात्री फाटकाशी पिल्लांची खोकी सोडून जाणारे लोक वाढतात.

३. मार्ग: नकाशावर नव्हे, घड्याळावर आखा

सायकलच्या मीटरवर ताशी १८ किमी दिसतात म्हणून ९० किमीला पाच तास, असं गणित करणारे गट अंधारात मुक्कामी पोचतात. गटाचं खरं गणित असं:

- चालतं अंतर: ९० किमी, ताशी १८ = ५ तास
- दर १८-२० किमीला थांबा, १५ मिनिटांचे चार = १ तास
- जेवण = ४५ मिनिटं
- पंक्चर, वाट चुकणं, फोटो, लोकांशी बोलणं = ४५ मिनिटं

एकूण साडेसात तास. म्हणजे प्रत्यक्षात ताशी १२ किमी. निधीसाठीची राईड असल्यामुळे लोक थांबवतात, विचारतात, कुणी जागेवर देणगी देतं. तो वेळ वाया गेलेला नाही, पण तो धरायला हवा. ब्रेव्हे प्रकारच्या, म्हणजे लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राईडमध्ये २०० किमीला साडेतेरा तासांची मुदत असते. ती एकेकट्या सरावलेल्या रायडरसाठी. बारा जणांच्या मिश्र गटाने तिच्याशी स्वतःची तुलना करू नये.

चढ तपासताना फक्त एकूण उंची पाहू नका, चढ दिवसाच्या कोणत्या भागात येतो ते पाहा. शेवटच्या २० किमीत मोठा घाट असेल तर टप्पे बदला. दुसरा दिवस सगळ्यात छोटा ठेवा, कारण पहिल्या दिवसाचा उत्साह दुसऱ्या सकाळी मांड्यांत उतरलेला असतो.

मग दोघांनी गाडीने संपूर्ण मार्ग पाहून यावा. खोदकाम, बंद पूल, अरुंद बोगदा, रेल्वेचे रूळ, पाणी भरायच्या जागा, दवाखाने आणि पशुवैद्यकीय दवाखाने अशी यादी करावी. शेवटची नोंद नेहमी राहून जाते. तिचा उपयोग सातव्या टप्प्यात कळेल. ज्या प्रशासनाच्या हद्दीतून जाणार तिथल्या परवानगीचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा लेखी चौकशी आधीच करा.

४. शरीर तयार करा

बारा आठवडे पुरतात, पण मधले आठवडे गाळून नाही. आठवड्याचं एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवत न्या, दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा. राईडच्या सगळ्यात लांब दिवसाच्या तीन चतुर्थांश अंतर तरी एकदा पूर्ण झालेलं हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सलग दोन दिवसांचा सराव किमान दोनदा. एका दिवसात ९० किमी करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या सकाळी त्याच सॅडलवर बसणं हा वेगळा अनुभव आहे.

त्या दुसऱ्या सकाळी तीन चुका उघड्या पडतात. पॅडेड शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालणं ही पहिली. शिवणीने कातडी सोलवटते. सॅडल खाली असणं ही दुसरी. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा, मग पायाचा चवडा ठेवल्यावर तो किंचित वाकलेला राहतो. आणि तिसरी, नवी वस्तू राईडच्या दिवशी पहिल्यांदा वापरणं: नवी सॅडल, नवे बूट, नवी जर्सी, नवी पावडर. सगळं सरावात वापरून झालेलं हवं.

खाणं-पिणंही सरावातच बसवा. लांब राईडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एका केळ्याहून थोडं जास्त हे किमान झालं. भूक लागण्याआधी थोडं थोडं खा. पाणी तहानेनुसार प्या. घाम भरपूर जात असताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं दिसलं की त्या रायडरला थांबवा, त्याच्या हातात आणखी पाणी देऊ नका आणि डॉक्टरला दाखवा.

५. सायकल आणि सामान

निघायच्या दोन आठवडे आधी मेकॅनिककडे, आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवशी बसवलेली केबल पहिल्या ५० किमीत ताणते आणि गिअर उड्या मारू लागतात. चेन झिजली आहे का ते मापकाने पाहा, ब्रेकपॅड पाहा, टायरच्या कडेला भेगा आहेत का पाहा.

प्रत्येकाकडे: दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच, छोटा पंप, मल्टिटूल, पुढचा-मागचा दिवा, परावर्तक जॅकेट, आणि नाव, रक्तगट, अॅलर्जी, घरचा नंबर लिहिलेलं कार्ड. गटाकडे: चेनची जोडकडी, जास्तीचा टायर, मोठा पंप, प्रथमोपचार पेटी.

तपासा: प्रत्येक रायडर मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवू शकतो का? एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून हे करायला लावा. ‘येतं मला’ असं म्हणणाऱ्यांपैकी निम्मे चेनपाशी अडकतात.

६. गटाचे नियम: निघण्याआधी तोंडपाठ

बारा जणांचे सहा-सहाचे दोन गट करा. प्रत्येक गटात एक लीड, एक स्वीप. लीड वेग ठरवतो आणि तो गटातल्या सगळ्यात हळू रायडरचा वेग असतो. स्वीप कायम शेवटी. त्याच्या मागे कुणीही राहत नाही, अगदी ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणाराही नाही.

आपलं पुढचं चाक पुढच्या रायडरच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊ देऊ नका. पुढचा जरा हलला, चाकं घासली, की पडतो तो मागचा. आपण सहज वळवून घेऊ असं वाटतं, पण तेवढा वेळ मिळत नाही. खड्डा, वाळू, थांबणं, वळणं हे सगळं हाताने दाखवा आणि तोंडानेही सांगा, आणि खूण शेवटच्या माणसापर्यंत पोचवा. रूळ काटकोनात ओलांडा. ओल्या रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा.

प्रत्येक थांब्यावरून निघताना मोजणी. आमच्या पहिल्या राईडला ही मोजणी नव्हती. एका तिठ्यावर शेवटची रायडर बुटाची नाडी बांधायला थांबली, आम्ही उजवीकडे वळलो, ती सरळ गेली. पुढच्या थांब्यावर पाण्याच्या बाटल्या वाटताना एक बाटली उरली, तेव्हा कळलं. चाळीस मिनिटं ती एकटी होती आणि तिच्या फोनला रेंज नव्हती. तेव्हापासून दोन नियम आहेत: प्रत्येक वळणावर कुणीतरी स्वीप दिसेपर्यंत उभं राहायचं, आणि निघताना प्रत्येकाने आपला क्रमांक मोठ्याने म्हणायचा.

सपोर्ट गाडी सायकलींच्या मागे रांगत चालवू नका. मागची वाहनं तुंबतात आणि चिडून धोकादायक ओव्हरटेक करतात. गाडीने १५-२० किमी पुढे जाऊन थांबावं, गट आला की पुन्हा पुढे.

७. वाटेत भेटणारे कुत्रे

या राईडला हा भाग सोडून चालणार नाही. कुत्र्यांसाठी निघालेला गट रस्त्यावरच्या कुत्र्यांशी चुकीचा वागला तर सगळंच फोल.

अंगावर धावणारा कुत्रा. फिरती चाकं आणि पळणारी आकृती पाहिली की पाठलागाची ऊर्मी जागी होते. म्हणून वेग वाढवणं, लाथ झाडणं, पाणी मारणं, हे तिन्ही चूक. गटात तर सगळ्यात मोठा धोका कुत्र्याचा नसतो, दचकून आडवं वळणाऱ्या रायडरचा असतो. लीडने ‘कुत्रा डावीकडे’ असं शांत आवाजात सांगावं, सगळ्यांनी सरळ रेषेत हळू व्हावं. तरीही मागे लागला तर उतरा, सायकल मध्ये ठेवा, डोळ्यांत रोखून पाहू नका, पाठ न दाखवता चालत पुढे जा. पाठलाग थांबला की बहुतेक कुत्र्यांचा त्यातला रस संपतो.

प्रेमाने जवळ येणारा कुत्रा. खिशातला एनर्जी बार त्याला देऊ नका. चॉकलेट, मनुका आणि साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल हे तिन्ही कुत्र्यांना विषारी आहेत, आणि रायडरांच्या खाऊत नेमके तेच असतात. गाडीत कुत्र्यांचं कोरडं खाणं ठेवा. तेही रस्त्याच्या कडेला नको, रहदारीपासून दूर नेऊन घाला.

जखमी कुत्रा. सगळ्या गटाने गराडा घालायचा नाही. दोघं थांबतात, बाकीचे पुढच्या सुरक्षित जागी जातात. कोण थांबणार हे आधीच ठरलेलं असावं, शक्यतो संस्थेत हाताळणी शिकलेले.

आधी रहदारी: गाडी मागे आडोशाला, दिवे चालू, जॅकेट अंगात. मग संस्थेला किंवा यादीतल्या जवळच्या पशुवैद्याला फोन. हात लावण्याआधी एक मिनिट नुसतं पाहा. श्वास कसा आहे, पाय हलतात का, रक्त कुठून येतंय. वेदनेत असलेला अत्यंत मायाळू कुत्राही चावतो. बाजूने, खाली बसून, हळू बोलत जा. तोंड बांधायचं तर रुंद बँडेजचा सैल फास नाकाडावरून घ्या, हनुवटीखाली फुली करा आणि कानांमागे गाठ मारा. उलटी होत असेल, श्वास लागला असेल, शुद्ध नसेल किंवा नाक चपटं असेल तर तोंड बांधू नका. उचलताना पाय धरून ओढू नका. अंगाखाली चादर सरकवा, चार कोपरे धरा, पाठ वाकू न देता गाडीत ठेवा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका.

सावधान: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला कधीही देऊ नका, ती घातक ठरतात. पशुवैद्याने सांगेपर्यंत पाणी-खाणंही नाही.

चावा किंवा ओरखडा. माणसांमधला रेबीज जवळजवळ नेहमीच कुत्र्यांकडून येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचत नाही, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. कुठलाही लेप नको, घट्ट पट्टी नको. त्याच दिवशी दवाखान्यात जा. खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. खरचटलेल्या जागी कुत्र्याने चाटलं तरी हेच सगळं करायचं. जखमी कुत्र्यांना हात लावणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस निघण्याआधीच घ्यावी. ती घेतलेली असली तरी चावल्यानंतर दवाखाना चुकत नाही, फक्त डोस कमी लागतात.

८. शेल्टरला भेट

शेवट शेल्टरपाशी करायचा मोह होतो. बारा घामेजलेली माणसं, हेल्मेट, टाळ्या, कॅमेरे: आजारी कुत्र्यांना हे सोसवत नाही. समारंभ बाहेर करा. आत जायचं तर तिघा-चौघांच्या तुकड्या, आणि संस्था सांगेल तेव्हाच.

आत क्रम महत्त्वाचा: आधी पिल्लं, मग निरोगी मोठे कुत्रे, आजारी विभाग शेवटी किंवा नाहीच. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू बुटांच्या तळव्यावर महिनोन्महिने टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही. ब्लीचच्या पातळ द्रावणात तळवे बुडवा, हात साबणाने धुवा. वाटेतल्या कुत्र्यांना हाताळलं असेल तर कपडे बदलूनच पिल्लांजवळ जा.

९. राईड संपल्यावरचे तीस दिवस

पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक देणगीदाराला ज्याच्या त्याच्या रायडरने स्वतः आभार लिहावेत. पंधरा दिवसांत सगळ्या पावत्या गेल्या का ते संस्थेबरोबर यादी समोर ठेवून जुळवा. पावती न मिळालेला एक जण उरला तरी काम अपुरं आहे.

तीस दिवसांच्या आत एका पानाचा हिशेब सगळ्यांना पाठवा: किती जमले, कापले किती गेले, संस्थेला किती पोचले, राईडचा खर्च कुणी केला. खाली संस्थेकडून एक परिच्छेद, त्या पैशातून कोणती कामं झाली किंवा कधी होणार. काम अजून सुरू व्हायचं असेल तर तसंच लिहा, आणि सुरू झाल्यावर पुन्हा कळवा.

वाटेत एखादा जखमी कुत्रा उचलला असेल तर त्याचं पुढे काय झालं, हे त्याच पानावर लिहा, तो वाचला नसला तरीही. त्याला चादरीत घालून गाडीत ठेवणाऱ्या दोघांना मात्र ही बातमी आधी फोन करून सांगा.